कानाची पाळी, पाण्याची पाळी

तुम्हा दोघांना,

हे बसून वाचा. फोनवर इकडेतिकडे फिरत वाचलंत तर निम्मं हातून जाईल. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. त्यांनाही अडला तर मला फोन करा.

गेल्या रविवारी मी म्हणाले, "गुरुवारी बोलायला जमणार नाही, इथे आपली पाळी आहे." थोरली, तू हळूच विचारलंस, "आजी, तुला अजून?" मागे तुमची आई इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला. मीही हसले. पण नंतर विचार करत बसले. तुला हा शब्द एकाच अर्थाने माहीत आहे, आणि तोही आवाज खाली आणून बोलायचा. धाकट्याला तर तो माहीतच नाही. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमच्यासाठी त्याला एक नेमका इंग्रजी शब्द शोधायला बसले आणि दोन तास बसूनही मिळाला नाही. 'टर्न' म्हटलं तर कान राहतो, 'शिफ्ट' म्हटलं तर शेत राहतं. हा शब्द मला पुरता समजला तो दोन माणसांमुळे. त्यातलं एकच आता हयात आहे, आणि तिला लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिते आहे, आणि आत्ताच लिहिते आहे.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो साताऱ्यात, सोनाराच्या दुकानात. मी पाचेक वर्षांची असेन. सोनाराने माझा कान दोन बोटांत धरला, खालचा मऊ भाग चाचपला आणि आईला म्हणाला, "वहिनी, पोरीची पाळी पातळ आहे. जड काही घालू नका." आपल्या अंगावरच्या इतक्या लहानशा तुकड्यालाही स्वतंत्र नाव आहे, याचं मला मोठं नवल वाटलं. घरी येऊन मी सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या पाहिल्या. आजीची लोंबलेली, वडिलांची जाड, मांजराची सापडलीच नाही.

मग शाळा आली. जागा कमी आणि मुलं फार, म्हणून ती दोन पाळ्यांत भरायची, सकाळची आणि दुपारची. पुढे त्याच शाळेत मी नोकरीला लागले आणि वेळापत्रक करण्याचं काम माझ्याकडे आलं. पट्टी, तीन रंगांची शाई आणि मोठा कागद. एकाही शिक्षकाचे दोन तास एका वेळी येऊ दिले नाहीत, याचा मला अभिमान होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची चूक याच अभिमानातून झाली.

लग्न होऊन पलूसजवळच्या आपल्या गावात आले. तुमचे आजोबा फौजेत, मी नोकरीसाठी साताऱ्यात, त्यामुळे गावी जाणं उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "कुळवाच्या दोन पाळ्या झाल्यात, तिसरी घातली की रान तयार." कुळव म्हणजे ढेकळं फोडायचं, बैलांनी ओढायचं अवजार; तो सगळ्या रानावरून एकदा फिरला की एक पाळी. मी विचारलं, "म्हणजे बैल सकाळच्या पाळीत काम करतात का?" दिराला हसता हसता ठसका लागला. तो पुढे कितीतरी वर्षं मला विचारायचा, "वैनी, आज बैलांना सुट्टी हाय का?"

त्याच सुट्टीत तुला माहीत असलेली पाळीही आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मला तीन दिवस बाहेरच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हाक आली, "पाळी आली, चला!" आणि अख्खं घर खोरी, टिकाव घेऊन रानाकडे पळालं. विहिरीचं पाणी आपल्या शेताकडे वळायची वेळ झाली होती. खिडकीतून मी पाहत राहिले. ज्या शब्दाने मला बसवलं होतं, त्याच शब्दाने घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. त्या वयात मला रागच यायला हवा होता. तोही थोडा आला. पण त्याहून जास्त मी चकित झाले होते. महिन्याचा फेरा, नांगरटीनंतरचा फेरा, पाण्याचा फेरा, सगळ्यांना या लोकांनी एकच नाव दिलं होतं आणि कुणाचा गोंधळ होत नव्हता.

आता त्या विहिरीबद्दल सांगते. विहीर चार घरांत मिळून आहे: आपलं, आबांचं, पुतण्याचं आणि धाकट्या आजीचं. आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे चुलते, मी निवृत्त झाले तेव्हाच पंच्याऐंशीच्या पुढचे. पुतण्या म्हणजे दिराचा मुलगा, ट्रॅक्टरवाला. धाकटी आजी ही आजोबांच्या चुलतभावाची बायको, माझी जाऊ. तिचा नवरा माधवनगरच्या कापडगिरणीत मागावर होता. तो गेला, आणि मागे राहिली ती, सांगलीत नर्सची नोकरी करणारी एक मुलगी, आणि वीस गुंठे रान. त्या वीस गुंठ्यांत ती दर वर्षी हळद करायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिच्या आईने पाटीभर गड्डे दिले होते. काढणी झाली की त्यातलेच चांगले गड्डे निवडून पुढच्या वर्षीचं बेणं म्हणून ती झाडाखाली सावलीत झाकून ठेवी. असं तीसेक वर्षं. विकतचं बेणं तिने कधी लावलं नाही.

मी निवृत्त झाले आणि आम्ही दोघं गावी राहायला गेलो, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. विहिरीवर मोटर एकच. प्रत्येक घराला दोन दिवस, म्हणजे आठ दिवसांत फेरा पुरा. हिशेब आबांकडे. मोटरीच्या खोलीत एका कोनाड्यात आठ खडे असत: दोन काळे, दोन पांढरे, दोन विटेचे, दोन मुरमाचे. रोज सूर्य कासराभर वर आला, म्हणजे जनावराच्या दोरीएवढा, की आबा एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवत आणि ज्याचा खडा त्याला हाक मारत. मी आबांना विचारलं, "पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला कुणाची पाळी?" ते म्हणाले, "दहा तारीख आली की कळंल की."

मला हे फार अव्यवस्थित वाटलं. चार घरांत एकालाही पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही म्हणजे काय! मी पट्टी घेऊन बसले. सोमवार-मंगळवार आबा. बुधवार-गुरुवार पुतण्या. शेतीची वीज आमच्याकडे सोमवार ते गुरुवार दिवसा असे आणि शुक्रवार ते रविवार रात्री दहानंतर. तेव्हा रात्रीचे शुक्रवार-शनिवार मी आपल्या घराला घेतले. आजोबांना फौजेमुळे रात्रीच्या जागरणाचं काही वाटत नव्हतं. वाईट वार स्वतःकडे घेतल्याचं समाधान मला वाटलं. उरला रविवार, तो धाकट्या आजीला. तिचं रान कमी, एक दिवस पुरेल, आणि रविवारी मुलगी येते, मदत होईल. हे सगळं मी तिच्या भल्यासाठीच केलं होतं. मुलगी पाच वाजताच्या एसटीने परत जाते हे मला माहीत होतं. तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

कागद प्लास्टिकमध्ये घालून मोटरीच्या खोलीत लावला. लावण्याआधी खोली झाडली, जाळी काढली, कोनाडा पुसला आणि खडे बाहेर फेकून दिले.

आबांनी कागद खालपासून वरपर्यंत पाहिला. म्हणाले, "अक्षर लय देखणं हाय." तेवढंच. मला वाटलं, पसंत पडला.

तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मी धाकट्या आजीच्या बांधावरून चालले होते. अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद तेव्हा वीतभर वर यायला हवी होती. जी आली होती ती टोकाला करपली होती, पानं सुरळीसारखी मिटलेली. ती एका सरीत वाकून तांब्याने पाणी घालत होती. शेजारी घागर.

"अगं, पाणी दिलं नाहीस का?"

"देत्ये की. हे काय." तिने तांब्या दाखवला. "हापशावरनं आणत्ये. रोजच्या पंधरा-ईस घागरी हुत्यात."

"आणि रविवारची पाळी?"

"रविवारी लाईट रातच्या धाला येती, आक्का. वाट उसातनं. वरच्या वस्तीवरलं कुत्रं बिबट्यानं नेलं, ठावं हाय न्हवं?"

"मग मला सांगायचं नाही?"

तिने पदराने तोंड पुसलं. "कागदावर हाय म्हनल्यावर काय सांगायचं? तुमी शिकल्याली मानसं. चार घरांचं बघूनच लिवलं असंल."

मला तिच्याकडे बघवेना. मान खाली घालण्याची पाळी आली, असं आपण म्हणतो. ते मी मुलांच्या निबंधात शंभरदा वाचलं असेल. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

"आणखी किती दिवस तग धरेल?"

"दोन. न्हाईतर तीन. मग गड्डा आत सुकतोय. बेनंच मोडलं म्हना."

मी तशीच विहिरीवर गेले. पुतण्या मोटर चालू करून फोन बघत बसला होता. कडुलिंबाखाली आबा, आणि सकाळचा फेरफटका संपवून आलेले आजोबा.

"मोटर बंद कर," मी म्हणाले. "आज पाणी धाकटीच्या हळदीला जाऊ दे."

"काकी, आज बुधवार. माझी पाळी हाय."

"माहीत आहे."

"तुमच्याच अक्षरात हाय. लाल शाईत."

"त्या लाल शाईत चूक झाली आहे."

"मग रविवार दुरुस्त करा की! माझा बुधवार कशाला? माझा खोडवाबी वाळतोय."

तो वाईट मुलगा नव्हता. त्याचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, खरंच वाळत होता, आणि कागदाप्रमाणे तोच बरोबर होता. मी म्हणाले, "आमची शुक्रवारची घे म्हणावं तिला."

"शुक्रवारची रातच की, आक्का." ती माझ्या मागून रिकामी घागर कमरेवर घेऊन आली होती. "आन् दुसऱ्याची घिऊन म्या काय करू? माझी हाय ती मला द्या."

पुतण्या म्हणाला, "धाकटी काकी, रात म्हंजी काय एवढं? बॅटरी घ्यायची, जायचं."

आबांनी डोळे उघडले. "तू जातूस का रं रातचं?"

"मी? आबा, बिबट्या फिरतोय!"

"आन् तिच्या वळखीचा हाय व्हय त्यो?"

आजोबा आधी हसले. मग पुतण्याही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. धाकटी आजी हसली नाही. तिने घागर खाली ठेवली आणि म्हणाली,

"आमचं मालक गिरणीत हुतं तवा एक आठवडा पयली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रातपाळी. मुकादम लय खवट. शिवी दिल्याबिगर बोलायचा न्हाई. पर रात त्यानं कुना एकाच्या गळ्यात कवा बांधली न्हाई. पाळी म्हंजी फिरती ऱ्हानार. एका मानसाजवळ बसली की ती शिक्षा झाली, पाळी कसली?"

मुलांनो, माझ्याजवळ तेव्हा तीन शब्दकोश होते. एकातही हे वाक्य नव्हतं. सही करायला अंगठा उठवणाऱ्या बाईने विहिरीच्या काठावर, उन्हात उभं राहून, तो शब्द माझ्यापुढे ठेवला. 

मी खोलीत गेले, कागद काढला आणि फाडला. प्लास्टिक काही केल्या फाटेना, ते घडी करून पिशवीत टाकलं.

आबांनी विचारलं, "खडं कुठं हायती?"

"मी टाकून दिले, आबा."

 मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "मग गनती नव्यानं धरायची."

"कुणापासून?" पुतण्याने विचारलं. प्रश्न योग्य होता. कुणाची पाळी कुठे आली असती, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मोटर जळती तवा काय करतो? दहा-दहा दिवस बंद असती. पुन्यांदा चालू झाली की ज्याच्या पिकानं मान टाकली तिथनं धरतो. तुझ्या बाऽच्या उसापासनं दोनदा धरली हाय. तू ल्हान हुतास."

पुतण्याने फोन खिशात टाकला. उठला, आत गेला, मोटर बंद केली आणि पाइप आपल्या पाटातून काढून धाकट्या आजीच्या पाटाकडे फिरवला. मोटर पुन्हा चालू केली. मग तिला म्हणाला, "दारं धरायला येऊ का?" दारं धरणं म्हणजे सरीच्या तोंडाशी माती ओढून पाणी एकेका सरीत वळवत जाणं.

"ये. पर सऱ्या तुडवू नगंस. मागल्या टायमाला निम्मं वाफं फोडलंस."

"तवा मी दहावीत हुतो!"

"पाय तेच हायती न्हवं?"

मी बांधावर उभी राहिले. कोरड्या सरीत पाणी शिरताना पुढे धुळीचा फेस येतो, मग मागून स्वच्छ पाणी. भेगांतून बुडबुडे निघत होते. माती इतका आवाज करून पाणी पिते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गावात इतकी वर्षं येत होते, पण प्रत्येक वेळी लक्ष माझ्या घड्याळाकडे असायचं.

दुपारी मी पाटीवर हिशेब मांडला, माझ्या समाधानासाठी. आठवड्याचे वार सात, पाळीचे दिवस आठ. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक घराचा वार एकाने पुढे सरकतो. छप्पन दिवसांत प्रत्येक घर सगळ्या वारांवरून फिरून येतं. विजेचे रात्रीचे वारही सगळ्यांना सारखे वाटले जातात. धाकट्या आजीला सात फेऱ्यांपैकी पाच वेळा निदान एक दिवस तरी उजेडातला मिळायचा. उरलेल्या दोन फेऱ्यांना आबा गुपचूप तिच्याशी पाळी बदलून घेत आणि स्वतःच्या मुलाला रात्री पाठवत. हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी फक्त दहा तारखेचं विचारलं होतं.

पाटी घेऊन मी आबांकडे गेले. "आबा, हे आठ कुणी ठरवलं? किती हुशारीचं आहे!"

आबांना पाटीवरचं काही कळलं नाही. "हुशारी कसली? चार घरं, दोन दोन दिस."

"पण वीज यायच्या आधीपासून आठच?"

"मोटंच्या काळापासनं. सात धरलं तर बाजारचा वार कायम एकाच घराच्या पाळीत येनार. मग त्या घरात मीठ-मिरची कोन आननार?"

एवढं बोलून ते पान जुळवायला लागले. मी पाटी घेऊन परत आले. गणित मांडता न येणाऱ्या माणसांनी हे गणित मांडलं होतं आणि मागे कुणाचंही नाव ठेवलं नव्हतं. त्यापुढे माझ्या तीन रंगांच्या शाईचं मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. अशा आणखी किती गोष्टी मी अव्यवस्थित समजून झाडून टाकल्या असतील?

पुढे शब्दकोशात पाहिलं, तर संस्कृतात 'पालि' म्हणजे कड, काठ, ओळ. कानाची कड, कुळवाची ओळ, पाण्यासाठी लागलेली घरांची ओळ. कोणता अर्थ कुठून निघाला हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकत नाही. जाणकारांना विचारा. मी एवढंच सांगते की, शाळेपासून पाटापर्यंत आणि गिरणीपासून बाईच्या देहापर्यंत आमच्या माणसांनी हा एक शब्द नेला, आणि जिथे नेला तिथे त्याला काम दिलं.

त्या वर्षी धाकट्या आजीची हळद निम्म्याहून थोडी जास्त वाचली. करपलेल्या जागा तिने तशाच ठेवल्या, तिथे दुसरं काही लावलं नाही. काढणीनंतर मी तिच्यासोबत गड्डे निवडायला बसले. तिने बाजारात कमी पाठवली आणि बेणं पुरतं राखलं. "यंदा भाजीत हळद कमी घालायची," म्हणाली. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिने हातात सूप दिलं. "आवं, बोलत काय बसलाय, माती झाडा."

आबा आता नाहीत. तुमचे आजोबाही नाहीत. माधवनगरची ती गिरणी केव्हाच बंद पडली. आपल्या रानात ठिबक आलं आहे, आणि पुतण्या मोबाइलवरून मोटर चालू करतो. धाकट्या आजीचं आता शेतात जाणं होत नाही. हळद तिची मुलगी बघते, बेणं तेच आहे. विहिरीची पाळी आठ दिवसांची आहे आणि चारही घरांत फिरते.